साभार परत

मराठी लेखकाच्या संसारांत ज्या दोन शब्दांनीं सर्वांत अधिक दुःख पेरलें असेल ते शब्द म्हणजे ‘साभार परत’. मासिकांच्या आणि प्रकाशकांच्या कचेऱ्यांतून हे शब्द इतक्या वेळां लिहिले गेले आहेत कीं, त्यांच्यावर कोट्या झाल्या, विनोदी लेख झाले, आणि शेवटीं हा शेरा म्हणजे अपयशाचें दुसरें नांवच होऊन बसला. परंतु थोडें थांबून पाहिलें, तर या शेऱ्यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगितलेल्या आढळतात. ‘साभार’ या शब्दानें लेखकाच्या श्रमाची पोंच दिली जाते, आणि ‘परत’ या शब्दानें त्याची मालमत्ता त्याच्या हातीं येते. ज्याला या दोन्ही गोष्टी मिळाल्या त्याचें मन दुखावलें असेल. पण त्याचें नुकसान फारसें झालेलें नसतें. खरें नुकसान होतें तें ज्याचें बाड परतहि येत नाहीं आणि छापलेंहि जात नाहीं, त्याचें. नकार आणि मौन यांतील या भेदाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपल्याकडील टीका छापील पुस्तकापासून सुरू होते. पुस्तक छापून होण्यापूर्वीं त्यालाहि एक गर्भवास असतो, आणि त्या अवस्थेंत त्याला भेटणारा पहिला टीकाकार म्हणजे प्रकाशकाच्या कचेरींत बसून बाड चाळणारा वाचक, याची दखल वाङ्मयाच्या इतिहासांत क्वचितच घेतली जाते. या पहिल्या टीकाकाराचें मत कोठें छापलें जात नाहीं, त्यावर वाद होत नाहीं, आणि त्याच्याविरुद्ध दादहि मागतां येत नाहीं. तरी कोणतीं पुस्तकें आपल्या हातीं यावींत, हें बऱ्याच अंशीं तोच ठरवितो. म्हणून त्याच्या निर्णयाची पद्धत कशी आहे, ती तशी कां आहे, आणि तिच्यामुळें वाङ्मयाचें हित होतें कीं अहित, हे प्रश्न केवळ व्यापाराचे नाहींत. ते वाङ्मयाचेहि आहेत.

पाश्चात्त्य देशांत, विशेषतः इंग्लंडांत व अमेरिकेंत, लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्यें एक तिसरा गृहस्थ उभा असतो. त्याला तेथें वाङ्मयीन एजंट म्हणतात. आपण त्याला अडत्या म्हटलें तर कानाला थोडें खटकेल, पण त्याच्या कामाचें स्वरूप त्या शब्दानें बरोबर कळतें. अडत्या ज्याप्रमाणें शेतकऱ्याचा माल बाजारांत मांडून त्याला बोली लावून घेतो आणि आपली अडत कापून उरलेली रक्कम मालकाच्या हातीं ठेवतो, त्याप्रमाणें हा गृहस्थ लेखकाचें बाड योग्य त्या प्रकाशकाकडे नेतो, भाव ठरवितो, करार तपासतो, आणि लेखकाच्या प्राप्तींतून आपला हिस्सा घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत लंडनमध्यें ए. पी. वॉट या गृहस्थानें हा धंदा रूढ केला; तो लेखकाच्या प्राप्तीवर शेंकडा १० घेत असे. त्या काळीं विल्यम हाइनमन यांच्यासारख्या प्रकाशकांना हा मध्यस्थ अगदीं नकोसा वाटे. आज स्थिति उलटली आहे. अडत सामान्यतः शेंकडा १५ झाली आहे, आणि तेथील बहुतेक मोठे प्रकाशक एजंटाच्या हातून न आलेलें बाड उघडूनहि पाहत नाहींत. परिणाम असा झाला कीं, बाडांचा ढीग प्रकाशकाच्या टेबलावरून उठून एजंटाच्या टेबलावर गेला. नवख्या लेखकाला दार ठोठावावें लागतेंच. फक्त दारावरची पाटी बदलली आहे. शिवाय एजंट मिळाला म्हणजे नकार टळला, असेंहि नाहीं. जे. के. रोलिंग यांच्या पहिल्या हॅरी पॉटर-कथेला एजंट होता. तरी १९९७ सालीं ती प्रसिद्ध होण्यापूर्वीं एकामागून एक प्रकाशकांनीं ती नाकारली होती.

मराठींत हा मध्यस्थ रुजला नाहीं. यांत आपल्या लेखकांचा साधेपणा किंवा प्रकाशकांचा कावा शोधण्याचें कारण नाहीं. साधें त्रैराशिक मांडलें तरी पुरे. समजा, ३०० रुपये किंमतीच्या पुस्तकाची १,००० प्रतींची आवृत्ति निघाली आणि ती सगळी खपली. शेंकडा १० या दरानें लेखकाचे ३०,००० रुपये झाले. त्यावर शेंकडा १५ अडत म्हणजे ४,५०० रुपये. एवढ्या रकमेसाठीं एजंटानें पुस्तक वाचावयाचें, दुरुस्त्या सुचवावयाच्या, चार प्रकाशकांशीं पत्रव्यवहार करावयाचा, आणि आवृत्ति संपेपर्यंत हिशेबाची वाट पाहावयाची! असा उद्योग पत्करून कोणाचें पोट भरणार नाहीं. तेव्हां मराठी लेखकानें आपलें बाड आपणच उचलून प्रकाशकाकडे न्यावें, ही रीत आपल्या बाजाराच्या आकारांतूनच आलेली आहे आणि ती नजीकच्या काळांत बदलेल असें दिसत नाहीं. मग प्रश्न एवढाच उरतो कीं, मध्यस्थ नसलेल्या या व्यवहारांत लेखकाचें रक्षण कशानें होतें?

या प्रश्नाचें उत्तर एजंट जन्मास येण्यापूर्वींच्या इंग्लंडांत शोधलें, तर तें अधिक स्पष्ट दिसतें. कारण त्या काळचा इंग्रज लेखक या बाबतींत आजच्या मराठी लेखकाच्याच जागीं उभा होता. जेन ऑस्टेन हिचा अनुभव तर मुद्दाम आखून दिल्यासारखा आहे. तिच्या दोन कादंबऱ्यांना दोन प्रकाशकांकडून दोन प्रकारची वागणूक मिळाली, आणि दोहींचा शेवट आपल्याला ठाऊक आहे.

नोव्हेंबर १७९७ मध्यें जेनच्या वडिलांनीं, म्हणजे पाद्री जॉर्ज ऑस्टेन यांनीं, लंडनच्या कॅडेल या प्रतिष्ठित प्रकाशकाला पत्र लिहिलें. आपल्याजवळ तीन भागांची एक हस्तलिखित कादंबरी आहे, तिची लांबी फॅनी बर्नी हिच्या ‘एव्हलिना’एवढी आहे, ती लेखकाच्या जबाबदारीवर छापल्यास खर्च किती येईल आणि वाचून पसंत पडल्यास तुम्ही तिच्या हक्काचे किती द्याल, असा त्या पत्राचा मजकूर होता. कॅडेलनें कादंबरी मागविलीच नाहीं. उलट टपालीं नकार कळविला. ही कादंबरी पुढें ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ या नांवानें जगाला ठाऊक झाली, म्हणून कॅडेलची आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे. ती थट्टा अगदींच अन्यायाची नाहीं. न वाचतां दिलेला नकार हा चांगला नकार नव्हे. पण त्या नकारानें जेनचें काय गेलें? कादंबरी तिच्याजवळच राहिली. तिनें ती पुढें काटली, छाटली, नवें नांव दिलें, आणि जानेवारी १८१३ मध्यें ती प्रसिद्ध झाली. प्रकाशक एगर्टन यानें हक्काचे ११० पौंड दिले. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीनें लिहिलेली कथा छत्तीस-सदतीस वर्षांच्या परिपक्व लेखिकेच्या हातून दुसऱ्यांदां गेली, हा त्या उलटटपाली नकाराचा अनपेक्षित लाभच म्हटला पाहिजे.

आतां दुसरी बाजू पाहा. १८०३ सालीं जेननें ‘सुझन’ नांवाची कादंबरी क्रॉस्बी आणि कंपनीला १० पौंडांस विकली. म्हणजे येथें नकार नव्हता. पसंति होती, पैसे होते, पुस्तक लौकरच निघणार अशी जाहिरातहि झाली होती. विशेष म्हणजे हा व्यवहार तिच्या भावाचें कामकाज पाहणाऱ्या सीमूर नांवाच्या वकिलाच्या हस्तें झाला होता. म्हणजे एका परीनें मध्यस्थहि होता. पण पुस्तक निघालें नाहीं. सहा वर्षें वाट पाहून एप्रिल १८०९ मध्यें तिनें खोट्या नांवानें प्रकाशकाला पत्र लिहिलें, कीं विक्रीच्या वेळीं लौकर प्रसिद्ध करण्याचें ठरलें होतें. बाड हरवलें असल्यास दुसरी प्रत देतें. आणि उत्तर न आल्यास पुस्तक दुसरीकडे देईन. त्यावर जें उत्तर आलें तें प्रत्येक लेखकानें वाचून ठेवण्यासारखें आहे. प्रकाशनाची कोणतीहि मुदत ठरलेली नव्हती, पुस्तक काढण्यास आम्ही बांधलेले नाहीं, दुसऱ्या कोणीं काढल्यास आम्ही त्याला अडवूं, आणि बाड हवें असल्यास दहा पौंड भरून घेऊन जावें, असा त्याचा आशय होता. अखेर १८१६ सालीं तिच्या भावानें तेवढेच पैसे भरून तें बाड सोडवून आणलें. डिसेंबर १८१७ मध्यें ‘नॉर्थँगर ॲबी’ या नांवानें ती कादंबरी बाहेर आली, तेव्हां जेनला जाऊन पांच महिने झाले होते.

हा केवळ दहा पौंडांचा किंवा तेरा वर्षांचा प्रश्न नव्हता. ती कादंबरी त्या काळीं लोकप्रिय असलेल्या भयकथांच्या वेडाची मिस्किल थट्टा करणारी आहे. थट्टेला मुदत असते. ज्याची थट्टा करावयाची तें लोकांच्या जिभेवर असेपर्यंतच ती टवटवीत राहते. बाड परत मिळाल्यावर जेननें वाचकांसाठीं जें निवेदन लिहून ठेवलें, त्यांत या तेरा वर्षांत स्थळें, रीतिभाति, पुस्तकें आणि मतें बदललीं असल्यामुळें कांहीं भाग शिळा झाला आहे, असें तिनें स्वतःच सांगितलें आहे. म्हणजे प्रकाशकाच्या मौनानें लेखिकेचा काळ तर खाल्लाच, पण पुस्तकाच्या अंगचा रसहि कांहीं अंशीं आटविला. ज्यानें ‘नाहीं’ म्हटलें त्यानें तिचें फारसें कांहीं बिघडविलें नाहीं; ज्यानें ‘होय’ म्हणून बाड कपाटांत टाकलें त्यानें बिघडविलें.

नकार देण्याची एक तिसरीहि तऱ्हा आहे, आणि वाङ्मयाच्या दृष्टीनें तीच सर्वांत मोलाची. तिचें उदाहरण ब्राँटे भगिनींच्या चरित्रांत सांपडतें. यॉर्कशरमधील एका आडगांवच्या पाद्र्याच्या या तीन मुली. त्यांची लंडनमध्यें कोणाशीं ओळख नाहीं, नांवें पुरुषांचीं वाटावींत अशीं घेतलेलीं, आणि १८४६ सालीं स्वतःच्या पैशानें छापलेल्या कवितांच्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षांत जेमतेम दोन प्रती खपलेल्या. त्यानंतर शार्लटची ‘द प्रोफेसर’ ही कादंबरी एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे फिरूं लागली. परत आलेल्या वेष्टणावरचें जुन्या प्रकाशकाचें नांव खोडून त्याच कागदावर ती नव्याचें नांव लिही. त्यामुळें आपल्या आधीं हें बाड कोणाकोणाकडे जाऊन आलें, याची यादीच प्रत्येक नव्या प्रकाशकाला आयती वाचावयास मिळे. असें हें वेष्टण स्मिथ, एल्डर आणि कंपनीकडे पोंचलें. त्यांनींहि कादंबरी नाकारली. पण पूर्वींच्या नकारांप्रमाणें एका ओळींत नव्हे. पुस्तकाचे गुण कोणते, उणीवा कोणत्या आणि व्यापारी दृष्ट्या तें कां चालणार नाहीं, याची सविस्तर व सौजन्यपूर्ण चर्चा त्यांनीं पत्रांत केली, आणि तीन भागांची कथा असल्यास आम्ही ती लक्षपूर्वक वाचूं, असेंहि कळविलें. या नकारानें एखाद्या कोरड्या स्वीकारापेक्षां अधिक धीर दिला, असें शार्लटनें पुढें लिहून ठेवलें आहे. ऑगस्ट १८४७ च्या अखेरीस तिनें ‘जेन एअर’ त्यांच्याकडे पाठविली. ऑक्टोबरमध्यें ती प्रसिद्ध झाली. नाकारलेली ‘द प्रोफेसर’ मात्र १८५७ सालीं, तिच्या मृत्यूनंतर, छापली गेली. आणि आज दोन्ही पुस्तकें शेजारीं ठेवून वाचणारा कोणताहि वाचक स्मिथ, एल्डर यांचा निर्णय चुकला असें म्हणणार नाहीं.

या दोन लेखिकांच्या अनुभवांतून जें निष्पन्न होतें तें असें. मध्यस्थ असणें किंवा नसणें ही दुय्यम गोष्ट आहे. प्रकाशकानें बाड वाचावें, ठराविक काळांत उत्तर द्यावें, आणि स्वीकारल्यास मुदत लिहून द्यावी, या तीन गोष्टी घडल्या तर लेखक एकटा असूनहि सुरक्षित असतो. त्या घडल्या नाहींत, तर मध्ये वकील असूनहि बाड तेरा वर्षें कुजत पडतें.

याच कसोटीवर आतां आपल्या घरचा व्यवहार घासून पाहूं. मराठींत प्रकाशकाचें दार वरकरणीं सर्वांना उघडें आहे. पत्ता छापलेला असतो, दूरध्वनि असतो, आतां ईमेलहि असतो. कोणीहि बाड पाठवावें. परंतु जेथें मध्यस्थाला पैसे देण्याची सोय नसते, तेथें मध्यस्थी नाहींशी होत नाहीं; ती ओळखीचें रूप घेते. कोणीतरी नांवाजलेला लेखक चिठ्ठी देतो, कोणी प्राध्यापक शब्द टाकतो, कोणी दिवाळी अंकाचा संपादक प्रकाशकाच्या कानीं घालतो. ही अडत रुपयांत मोजली जात नाहीं, एवढाच फरक. ज्याला अशी ओळख नाहीं, त्याचें बाड नाकारलें जातें असें नव्हे. तें बहुधा खालीं राहतें. आणि खालीं राहिलेल्या बाडाला नकारहि मिळत नाहीं.

हें दुखणें नवें नाहीं. इंग्रजी अमदानींत मराठी ग्रंथांना उत्तेजन देण्यासाठीं दक्षिणा प्राइझ कमिटी होती. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक तिच्याकडे सादर केलें. कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहामुळें तें नापसंत झालें, असें जोतीरावांनीं स्वतः ‘गुलामगिरी’त नमूद केलें आहे. हें नाटक छापून वाचकांच्या हातीं पडण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. अशिक्षित शेतकरी स्त्रीपुरुषांना भीति घालून त्यांची लुबाडणूक कशी होते, हें दाखविणारें तें नाटक ज्यांच्यापुढें निवाड्यासाठीं गेलें, त्यांत त्या लुबाडणुकीनें ज्यांचें कांहीं बिघडत नव्हतें असे लोक होते. बाड कोणाच्या हातीं पडतें, यावर त्याचें भवितव्य किती अवलंबून असतें, याचें याहून ठसठशीत उदाहरण आपल्या वाङ्मयांत मिळणें कठीण.

तथापि ओळखीची मध्यस्थी ही नेहमींच वाईट, असाहि निष्कर्ष काढूं नये. बहिणाबाई चौधरी यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. त्यांचीं गाणीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनीं उतरून ठेवलीं. १९५१ सालीं बहिणाबाई वारल्यावर सोपानदेवांनीं तीं आचार्य अत्रे यांना दाखविलीं, आणि १९५२ सालीं अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तीं पुस्तकरूपानें निघालीं. अत्र्यांनीं हें केलें नसतें, तर तें बाड एका घरांतच राहिलें असतें. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला १९७२ सालीं विजय तेंडुलकर यांची प्रस्तावना होती, ज्या वस्तीचें जग त्या कवितांत होतें तें मध्यमवर्गीय वाचकाला अपरिचित असल्यानें अशा वाटाड्याचा उपयोग झाला. या दोन प्रस्तावना आणि आपल्याकडे सर्रास मागितल्या जाणाऱ्या प्रस्तावना यांत भेद आहे. अत्रे व तेंडुलकर यांनीं बाड वाचून, तें कां वाचावें हें वाचकाला पटवून दिलें. उलट कित्येक प्रस्तावनांत पुस्तकाचा मजकूर प्रस्तावनाकाराला ठाऊक असल्याची खूणहि सांपडत नाहीं. पहिली मध्यस्थी टीकेची आहे, दुसरी भिडेची. पहिलीनें वाङ्मय वाढतें. दुसरीनें फक्त रांगेंतील क्रम बदलतो.

मासिकांनींहि एका काळीं हें मध्यस्थीचें काम निष्ठेनें केलें. ‘सत्यकथे’च्या कचेरींत श्री. पु. भागवत व राम पटवर्धन नवख्या लेखकांशींहि त्यांच्या लेखनाविषयीं बारकाईनें चर्चा करीत आणि पत्रें लिहीत, ही गोष्ट त्या लेखकांनींच कृतज्ञतेनें सांगितली आहे. त्यांची अभिरुचि एका विशिष्ट वळणाची होती व तीबाहेरचें लेखन त्यांच्या दारीं अडतें, अशी तक्रार १९६० नंतरच्या अनियतकालिकांच्या पिढीनें केली. तींतहि तथ्य होतें. पण त्या तक्रारीचें स्वरूप लक्षांत घेण्यासारखें आहे. ज्याला कारणांसह नकार मिळतो, त्याला त्या कारणांशीं भांडतां येतें. आणि तें भांडण करीतच त्या पिढीनें आपलीं वेगळीं दारें उघडलीं. १९६३ सालीं पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनें पंचविशींतल्या भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही पहिलीच कादंबरी काढली. १९७८ सालीं ‘ग्रंथाली’ या वाचक-चळवळीनें दया पवार यांचें ‘बलुतं’ प्रसिद्ध केलें. मौनाशीं मात्र कोणाला भांडतां येत नाहीं. ‘सत्यकथा’ १९८२ सालीं बंद झाली, आणि बाड वाचून त्याविषयीं लेखकाशीं बोलण्याची जबाबदारी प्रायः एकट्या प्रकाशकावर येऊन पडली.

यावर प्रकाशकांचें म्हणणें काय असतें, तेंहि ऐकलें पाहिजे. बाडें पुष्कळ येतात, वाचणारे थोडे, प्रत्येकाला कारणें लिहीत बसलों तर छापावयाचें केव्हां? शिवाय कारणें लिहिलीं कीं लेखक वाद घालावयास येतो. ही अडचण खरी आहे. परंतु प्रत्येक बाडावर परीक्षण लिहावें अशी अपेक्षा कोणीच करीत नाहीं. स्मिथ, एल्डर यांनींहि तसें सर्वांसाठीं केलें नसेल. ज्या लेखनांत कांहीं धुगधुगी दिसते त्याला चार ओळी, आणि बाकीच्यांना ठराविक मुदतींत एक ओळ, इतकें पुरे आहे. चार महिन्यांत उत्तर न आल्यास बाड दुसरीकडे देण्यास लेखक मोकळा आहे, एवढें प्रकाशकानें आपल्या सूचनांत छापलें, तरी निम्मा अन्याय दूर होईल. ‘साभार परत’ हा शेरा लिहिण्यास लागणारा वेळ कोणत्याहि धंद्याला परवडण्याजोगा आहे.

स्वीकारानंतरचें मौन हा याहून गंभीर प्रकार. आणि त्या बाबतींत आजच्या मराठी लेखकाजवळ जेन ऑस्टेनजवळ नसलेलें एक हत्यार आहे, याची जाणीव पुष्कळांना नसते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचें एकोणिसावें कलम असें सांगतें कीं, हक्कांचें हस्तांतर लेखी व सहीनिशीं झाल्याखेरीज वैध ठरत नाहीं. हक्क घेणाऱ्यानें हस्तांतराच्या तारखेपासून एक वर्षाच्या आंत त्यांचा वापर केला नाहीं, तर करारांत वेगळें लिहिलेलें नसल्यास तें हस्तांतर संपुष्टांत आलें असें धरलें जातें. मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. क्रॉस्बीनें ज्या फटींतून अंग काढून घेतलें, तीच फट हें कलम बुजवितें. परंतु ‘करारांत वेगळें लिहिलेलें नसल्यास’ हे शब्द लेखकानें विसरूं नयेत. कारण छापील करारांत वेगळें पुष्कळ लिहिलेलें असूं शकतें, आणि तें वाचणारा एजंट आपल्याकडे नाहीं. तेव्हां करारावर सही करण्यापूर्वीं तो दोनदां वाचणें हें मराठी लेखकाचें स्वतःचें काम आहे. आपल्या पुस्तकाची किंमत विचारण्यास लाजणारा आणि करार मागणें म्हणजे अविश्वास दाखविणें असें समजणारा भिडस्त लेखक आपल्याकडे अजून आढळतो. त्याच्या भिडेचा उपयोग सज्जन प्रकाशकाला कांहींच नसतो, आणि दुर्जनाला फार असतो.

पैशाच्याच बाबतींत आणखी एक गोष्ट. ‘तुम्ही खर्च द्या, आम्ही छापतों,’ असें लेखकाला सांगणारे प्रकाशक आज पुष्कळ आहेत. स्वखर्चानें पुस्तक छापणें यांत कमीपणा नाहीं. जेन ऑस्टेनची ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ सालीं तिच्याच जोखमीवर निघाली. पहिली आवृत्ति संपली तेव्हां तिला १४० पौंड मिळाले आणि हक्कहि तिच्याकडेच राहिला. याउलट ब्राँटे भगिनींपैकीं एमिली व ॲन यांच्याकडून न्यूबी या प्रकाशकानें ‘वदरिंग हाइट्स’ व ‘ॲग्नेस ग्रे’ यांसाठीं ५० पौंड आगाऊ घेतले, आणि ‘जेन एअर’ गाजूं लागेपर्यंत तीं पुस्तकें रखडत ठेवलीं. जो पैसे घालतो त्याच्याकडे प्रती, हिशेब आणि हक्क राहिले तर तो व्यवहार सरळ आहे. पैसे लेखकाचे आणि बाकी सर्व प्रकाशकाचें, असें असेल तर त्याला प्रकाशन म्हणूं नये.

लेखकाच्या बाजूचेंहि थोडें सांगितलें पाहिजे; कारण मौनाचा सगळा दोष प्रकाशकाच्या पदरीं घालतां येत नाहीं. मध्यस्थ नसल्यामुळें बाडाबरोबर जाणारें पत्र हाच लेखकाचा एकमेव वकील असतो, आणि तो बहुधा दुबळा असतो. जॉर्ज ऑस्टेन यांचें पत्र पुन्हा वाचून पाहावें. भाग किती, लांबी किती, खर्च किती, देणार किती, हें सगळें त्यांत आहे. कादंबरी कशाविषयीं आहे, याचा एक शब्दहि नाहीं. पांच मुलींच्या लग्नाच्या काळजीनें घायकुतीस आलेली आई आणि पहिल्या भेटींत एकमेकांविषयीं चुकीचीं मतें करून घेणारीं दोन मानी माणसें, एवढें वाक्य जरी त्यांत असतें, तरी कॅडेलनें बाड मागवून पाहिलें असतें कीं काय, कोणास ठाऊक! आपले लेखक याच्या उलट टोकाला जातात. पुस्तकाविषयीं दोन ओळी, आणि स्वतःचे सत्कार, पदव्या, नातीगोतीं व कोणी कोणी स्तुति केली यांचीं दोन पानें. बाड कोणत्या प्रकाशकाकडे पाठवावें याचाहि विचार होत नाहीं. ज्यानें जन्मांत काव्यसंग्रह काढला नाहीं त्याच्याकडे कविता जातात. शुद्ध प्रत करण्याची तर अनेकांना घाई नसतेच. पूर्वीं अक्षर लागत नसे. आतां टंक उघडत नाहीं. संगणकावर जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढिगारा होऊन पडतो, आणि तें उलगडीत बसण्याइतका सोशीक प्रकाशक विरळा. युनिकोडमध्यें लिहिलेली, पानांवर आंकडे घातलेली, एकदां स्वतः मोठ्यानें वाचून तपासलेली प्रत. तिच्याबरोबर एका पानांत पुस्तकाचा विषय, त्याची मांडणी आणि तें कोणासाठीं लिहिलें हें सांगणारें पत्र. आणि अमुक तारखेपर्यंत उत्तर यावें अशी नम्र पण स्पष्ट विनंती, इतकें केलें तर लेखकानें आपल्या अंगचें कर्तव्य केलें.

नकार मिळाला म्हणजे पुस्तक वाईट असें ठरत नाहीं, हें सांत्वन लेखकांना पुष्कळदां ऐकविलें जातें. तें खरें आहे; पण अर्धेंच. पुष्कळदां पुस्तक खरोखरच अपुरें असतें, आणि तें वेळेवर कळलें तर सुधारतें. ‘द प्रोफेसर’ नाकारली गेली नसती, तर ‘जेन एअर’ त्याच वेळीं व त्याच जोमानें लिहून पुरी झाली असती, असें छातीठोकपणें कोण सांगेल? वाङ्मयाचा प्रवाह केवळ स्वीकारलेल्या पुस्तकांनीं घडत नाहीं; योग्य वेळीं, योग्य कारणासाठीं परत गेलेल्या बाडांनींहि तो घडतो. एजंटाची संस्था आपल्याकडे आली नाहीं, याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. मात्र ती नसल्यामुळें बाड वाचण्याची, त्यावर मत बनविण्याची आणि तें मत लेखकाला कळविण्याची सर्व जबाबदारी आपल्या प्रकाशकांवर आहे, आणि ती जबाबदारी टीकाकाराच्या जबाबदारीहून यत्किंचितहि हलकी नाहीं. त्यांनीं स्वीकार जपून करावा, नकार मोकळेपणानें द्यावा, पण कोण्या आडगांवाहून आलेलें, कोणाच्याहि चिठ्ठीवांचून आलेलें बाड निरुत्तर ठेवूं नये, एवढीच त्यांना विनंती आहे.